दहा हजारांचा विंचू

सध्या मी जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर राहते आणि माझी घरमालक एक कंपनी आहे. 'तुम्ही आमच्या कुटुंबाचा भाग आहात' असं ती दर महिन्याला ईमेलमध्ये लिहिते, आणि हीटिंग बंद पडलं की कुटुंबातलं कोणीही फोन उचलत नाही. अशा घरमालकाचं व्यक्तिचित्र लिहिता येत नाही. ज्यांचं लिहिता येईल असे घरमालक मला आयुष्यात एकच भेटले, क्युपर्टिनोत.

त्यांच्या गॅरेजमागची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा नोकरी कुठे, व्हिसा कोणता, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर काळ्या शाईत काहीतरी वेडंवाकडं छापलेलं होतं.

"हे काय दिसतं?"

मी कागद आडवा केला. "हत्ती. पण शेपटीवर उभा केलेला."

"राहायला कधी येते?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला बाथरूम तरी दाखवा!"

काका मूळचे नागपूरचे. पेशाने पॅथॉलॉजिस्ट. चाळीस वर्षं एका हॉस्पिटलच्या तळघरात बसून त्यांनी काचेच्या पट्टीवरचे मांसाचे तुकडे तपासले. पेशंट त्यांना क्वचितच दिसला. दिसला तो त्याचा चौकोनी सेंटिमीटर. नुसता आकार बघायचा आणि त्यावरून आत काय घडलं ते सांगायचं, ही सवय निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलात ठेवून येता येत नाही. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या चिनी बाईंनी केकचा डबा दिला. झाकणावर एक मोठं सोनेरी अक्षर होतं. काकूंनी केक खाल्ला आणि काका झाकण घेऊन गॅरेजमध्ये गेले. "तेव्हा गेले ते सहा वर्षं बाहेर आले नाहीत," असं काकू सांगत. "चाळीस वर्षं लोकांचे तुकडे पाहिले, आता चिन्यांची अक्षरं पाहतात. माझ्याकडे बघायला रिपोर्ट यायला पाहिजे."

मी राहायला गेले तोपर्यंत त्यांना हजार-बाराशे अक्षरं येत होती आणि चिनी भाषेत पाणी मागता येत नव्हतं. बोलायला शिकावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. "ते वेगळं डिपार्टमेंट आहे," म्हणत. त्यांना फक्त एवढंच हवं असे की या अक्षराचा पहिल्या दिवशी चेहरा कसा होता. चिनी रेस्टॉरंटमध्ये ते मेन्यूवर बोट ठेवून वेटरला सांगत की हे मासा लिहिलंय त्यात खाली चार ठिपके आहेत ना, ती मुळात शेपटी होती. वेटर मेक्सिकोचा असे. तो अतिशय आदराने ऐकून घेई आणि मासा आणून देई.

त्यांच्या हातून गाडीच्या किल्ल्या काकूंनी काढून घेतल्या होत्या त्या याच कारणाने. ड्राइव्ह करताना ते दुकानांच्या पाट्या वाचत, आणि पाटीचा उगम लक्षात आला की ब्रेक मारत. मागच्यांना उगमात रस नसे. त्यामुळे त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं.

काकांचं एक पालुपद होतं: "हाड दाखवा."

याचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. सापडलेली सगळ्यांत जुनी चिनी अक्षरं हाडांवर कोरलेली आहेत, बैलाच्या खांद्याच्या हाडावर आणि कासवाच्या पोटाच्या कवचावर. तीन हजार वर्षांपूर्वी तिथला राजा देवाला आणि पूर्वजांना प्रश्न विचारायचा, हाडाला चटका द्यायचा, आणि तडा कसा जातो त्यावरून उत्तर वाचायचा. प्रश्न हाडावरच कोरून ठेवायचा. "प्रश्न काय माहीत आहे का?" काका डोळे मिचकावून सांगत. "पाऊस पडेल का. राणीला मुलगा होईल का. आणि माझा दात दुखून राहिला, तर कोणत्या पूर्वजाचा राग आहे! अख्ख्या राज्याचा मालक, आणि लिहिलंय काय तर दाढ ठणकते." पुढे ही हाडं शेतात सापडू लागली तेव्हा लोकांनी ती ड्रॅगनची समजून कुटून औषधात घातली. काकांना हे फार आवडे. "विचार कर पोरी, लोकांनी इतिहास गरम पाण्यातून प्यायला. आणि ताप गेला असेल, त्याचंच वाईट वाटतं."

तेव्हा कोणी काहीही ठामपणे सांगितलं की काका म्हणत, हाड दाखवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या आरोग्याच्या सल्ल्याला, व्हिसाच्या अफवेला, काकूंच्या "मी तुम्हाला मंगळवारीच सांगितलं होतं" याला. मराठी मंडळात एकदा जीवनाचं मार्गदर्शन करणारे एक गृहस्थ व्याख्यानाला आले. कोट, कॉलरला माइक, हातात क्लिकर. त्यांनी पडद्यावर दोन चिनी अक्षरं आणली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मित्रांनो, चिनी लोक संकट हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिलं म्हणजे धोका. आणि दुसरं म्हणजे..." इथे त्यांनी तीन सेकंद थांबायचं ठरवलेलं असावं.

"खटका," काका तिसऱ्या रांगेतून म्हणाले.

"संधी," गृहस्थ म्हणाले.

"नाही. यंत्राचा खटका. जिथे दाबलं की गोष्ट इकडची तिकडे होते ती जागा. संधी हा अर्थ त्याला दुसऱ्या शब्दात जाऊन मिळतो. तुम्ही हाड दाखवा, मी माफी मागतो." मग वळून सगळ्या सभागृहाला म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याकडे संकटात असलेल्या हजारो लोकांचे तुकडे आले. संधी मला एकातही दिसली नाही."

व्याख्यान संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी काकांना बाजूला घेतलं आणि पुढच्या वेळी येण्याचा त्रास घेऊ नका असं फार मोठ्या प्रेमाने सांगितलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सुलेखनाचा एक क्लब. गावात निवृत्त चिनी माणसांचा, ब्रशने अक्षरं लिहिण्याचा हा क्लब होता. शनिवारी सकाळी सीनिअर सेंटरच्या खोलीत जमायचे. हवा कोरडी असली की बागेत जायचे आणि लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर हातभर मोठी अक्षरं लिहायचे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात पाच मिनिटांत अक्षर वाळून जाई. त्यावर कोणाला हळहळ वाटलेली मी पाहिली नाही. पुन्हा ब्रश बुडवायचा.

प्रमुख होते फांग. पूर्वी पूल बांधत. त्यांचं बोलणंही तसंच, मोजून, दोन्ही बाजूंनी आधार दिलेलं. त्यांनी काकांना सहा महिने पाहुणा म्हणून बसू द्यायचं कबूल केलं होतं. नियम साधा होता. चिनी नववर्षाला गावच्या लायब्ररीत क्लबचं प्रदर्शन भरे. त्यात तुमचा कागद लागला तर तुम्ही मेंबर. नाही लागला तर नाव कमी, कारण बाहेर थांबलेल्यांची यादी लांब होती.

काकांचा हात वाईट होता. पहिले सहा आठवडे फक्त आडवी रेघ काढायची असते; काकांची आडवी रेघ ईसीजीसारखी दिसे. पण ते निमूट काढत. मी एकदा गाडीत विचारलं, काका, तुम्हाला अक्षरांचा इतिहास हवा आहे, तो तर गॅरेजमध्ये मिळतो, मग ही रेघोट्यांची हौस कशाला?

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. पाट्या होत्या तरी वाचत नव्हते.

"मंडळातून काढलं," ते म्हणाले. "ट्रेकिंगवाल्यांनी काढलं. भजनातून तर भजन संपायच्या आधी काढलं. सगळीकडे मी सांगायला जातो, पोरी. ही एक जागा आहे जिथे मला काही येत नाही म्हणून मी बसतो. बाजूला बसलेली म्हातारी माझी रेघ बघते आणि नुसती 'नाही' अशी मान हलवते. बरं वाटतं. इथून काढलं तर मग गॅरेजच."

त्यानंतर मी शनिवारी कधी उशीर केला नाही.

ती बाजूची म्हातारी म्हणजे वान आजी. नव्वदीच्या, एका कानाने ऐकू न येणाऱ्या. हीटरशेजारी बसून दगडावर शाई उगाळायच्या आणि कोणाशी बोलत नसत. काकू डब्यात शंकरपाळे द्यायच्या त्यांतले त्या दोन घ्यायच्या, एक खायच्या, एक रुमालात बांधायच्या.

भांडण झालं ते एका अक्षरावरून. नववर्ष जवळ आलं होतं आणि फांग बागेच्या फरशीवर पाण्याने 萬 लिहून दाखवत होते. याचा अर्थ दहा हजार. शुभेच्छांमध्ये हे अक्षर हमखास असतं: दहा हजार वर्षं जगा, दहा हजार गोष्टी मनासारख्या होवोत. नवीन आलेल्या एका बाईंना ते म्हणाले, "वरचा भाग बघा. हे गवत. शब्दकोशात हे अक्षर गवताच्याच विभागात आहे. गवताची पाती मोजता येत नाहीत, म्हणून दहा हजार."

"विंचू," काका म्हणाले.

मी डोळे मिटले. भजनातही असंच झालं असणार.

"ते गवत नाही, नांग्या आहेत," काका म्हणाले. "मधलं धड. खालच्या टोकाला वळलेली शेपटी. दहा हजार या आकड्याचं चित्र काढणार कसं? विंचवाच्या नावाचा उच्चार त्या आकड्याच्या जवळ होता, म्हणून त्याचं चित्र उसनं घेतलं. मग आकडा तिथेच राहिला आणि खऱ्या विंचवाला दुसरं अक्षर शोधावं लागलं." माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "भाडेकरूने घरमालकाला बाहेर काढलं."

"शब्दकोशात गवत आहे," फांग म्हणाले.

"कोणीतरी चुकीच्या कप्प्यात घातलं. माझ्याकडे रोज चुकीचं लेबल लावलेली स्लाइड यायची. लेबल बदलून रोग बदलत नाही."

फांग यांनी ब्रशमधलं पाणी निथळू दिलं. "समजा विंचू असेल. मग?"

"मग मी प्रदर्शनाला तोच लिहिणार. जुना. हाडावरचा."

आता फांग यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. विंचू त्यांच्याकडे पाच विषारी प्राण्यांत मोजतात. वर्षाच्या पहिल्या सणाला, लायब्ररीच्या भिंतीवर, मुलंबाळं येणार तिथे, शुभेच्छांच्या मधोमध हा माणूस विंचू टांगायला निघाला होता. हे म्हणजे पाडव्याला दारावर साप काढण्यासारखं. आणि हे इतक्या निरागसपणे फक्त काकांनाच सुचू शकत होतं, कारण त्यांच्या लेखी ती एक अचूक स्लाइड होती.

"हा ब्रशने लिहिण्याचा क्लब आहे," फांग म्हणाले. "प्राणिसंग्रहालय नाही. पण मी एकटा ठरवणार नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांपुढे बोला. हात वर करून ठरवू."

आठवडाभर काका गॅरेजमध्ये विंचू काढत होते. काकूंनी एक बघितला आणि म्हणाल्या, "खेकडा आहे."

"विंचू आहे."

"मग कोल्हापुरी रस्सा केलेला आहे." कागद खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, साधं काहीतरी लिहा ना. सुख, शांती. तुम्हाला तिथे राहायचंय ना?"

"राहायचंय," काका म्हणाले. "म्हणूनच खोटं कसं लिहू?"

काकू मैदा चाळायला गेल्या. त्या आठवड्याला शंकरपाळ्यांचा डबा दुप्पट मोठा होता. मतदानापूर्वी काय करतात हे काकूंना नागपुरात कळलेलं होतं.

शनिवारी खोली भरलेली होती. काकांनी भिंतीवर हाडांच्या ठशांचे कागद लावले, जुन्यापासून नव्यापर्यंत, एकाखाली एक. पहिल्यात स्पष्ट विंचू. मग नांग्या हळूहळू सपाट झाल्या, शेपटीचा आकडा झाला, आणि शेवटी नुसतं अक्षर उरलं. काका इंग्रजीत सांगत, फांग चिनीत सांगत. फांग यांनी एकही शब्द गाळला नाही हे मला काकांनी नंतर सांगितलं. चिनी येत नसताना त्यांना ते कसं कळलं कोण जाणे.

बोलणं संपलं. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपल्या शेजाऱ्याला काहीतरी विचारलं आणि दोघे हसले. काका आपल्या कागदांकडे तोंड करून उभे राहिले. फांग यांनी घसा साफ केला. हात वर करायला सांगणार, तेवढ्यात हीटरशेजारची खुर्ची सरकली.

वान आजी उठल्या. सावकाश पुढे आल्या, काकांच्या पहिल्या कागदाशी नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पिशवीतून एक रेशमी बटवा काढला, त्यातून अंगठ्याएवढा पिवळसर दगड. आपल्या नावाचा शिक्का प्रत्येक लिहिणाऱ्याकडे असतो. कागद पुरा झाला की लाल रंगात तो कोपऱ्यात उमटवायचा. वान आजींनी आपला शिक्का क्लबात कधी काढलेला नव्हता.

त्यांनी तो लाल रंगात दाबला, कोऱ्या कागदावर उठवला आणि हात मागे घेतला.

दोन नांग्या. धड. वर वळलेली शेपटी.

काकांनी खिशातून भिंग काढलं. एक डोळा मिटून ते कागदावर वाकले. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी शिक्का पाहिला, भिंतीवरचा ठसा पाहिला, पुन्हा शिक्का पाहिला.

"सेम," ते म्हणाले. यापेक्षा लांब रिपोर्ट त्यांना त्या वेळी सुचला नाही.

आजी बोलायला लागल्या. फांग सांगत होते, आणि सांगताना प्रथमच अडखळत होते. वान हे आडनाव याच अक्षराने लिहितात. आजींचे वडील एका लहान गावात शिक्के कोरायचे. आजी शिकायला शहरात निघाल्या तेव्हा त्यांनी हा कोरून दिला. हे काय आहे, असं आजींनी विचारलं तर वडील हसून म्हणाले, हे जवळ असलं की तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही. आजी शहरात पोचल्या. तिथल्या शिक्षिकेने शिक्का बघितला आणि वर्गासमोर विचारलं, हा झिंगा आहे का? वर्ग हसला. वडिलांना विचारायचं राहिलं, कारण त्यानंतर ते फार जगले नाहीत. सत्तर वर्षं आजी समजत होत्या की म्हातारपणी वडिलांचा हात घसरला आणि मुलीचं नाव चुकीचं कोरलं गेलं. टाकवत नव्हता, वापरवत नव्हता.

"त्या विचारतात," फांग काकांना म्हणाले, "वडिलांचं काही चुकलं होतं का?"

"त्यांना सांगा," काका म्हणाले, "त्या वर्गात एकच माणूस बरोबर होता, आणि तो त्या वर्गात नव्हता."

फांग यांनी सांगितलं. आजींनी दोन्ही हातांनी शिक्का छातीशी धरला आणि मोठ्याने हसल्या. त्यांना असं हसता येतं हेच क्लबला पहिल्यांदा कळलं. मग सगळेच उठले. मघाशी हसलेले ते दोन गृहस्थ सगळ्यांत पुढे होते, शिक्का हातात घेऊन बघायला. मतदान झालंच नाही. शंकरपाळे मात्र संपले.

गोंधळ ओसरल्यावर आजींनी काकांच्या विंचवाचा कागद उचलला, पाहिला आणि मान हलवली. फांग म्हणाले, "शेपूट पडलेलं आहे म्हणतात. त्या शिकवतील."

पुढचे तीन शनिवार नव्वद वर्षांची बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हात मनगटाशी धरून विंचवाची शेपटी वर उचलत होती. एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नव्हता. काकांनी एकदाही हाड मागितलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी लायब्ररीत शिरताच समोर दाराशी तो कागद होता. फांग यांनीच जागा ठरवली होती. काळाभोर विंचू, शेपटी ताठ, आणि कोपऱ्यात वान आजींचा लाल शिक्का: मोठा विंचू आणि छोटा विंचू. मुलं आली, आजी-आजोबांनी ओढत आणलेली, शनिवारच्या चिनी शाळेला कंटाळलेली. इतर कागदांवरून त्यांची नजर घसरत गेली. इथे मात्र एक सात-आठ वर्षांची मुलगी थबकली आणि ओरडली, "स्कॉर्पिअन!" तिच्या मागून चार जण धावले. तीन हजार वर्षांपूर्वीचं लिखाण त्या पोरांनी कोणाच्या मदतीशिवाय वाचलं होतं. काका तिथेच उभे होते, कोट घालून, आणि काही म्हणजे काही सांगत नव्हते. काकूंनी माझा दंड धरला. "बघ," म्हणाल्या, "गप्प आहेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळी कागद उतरवताना फांग काकांजवळ आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "फांग या अक्षराचा अर्थ चौकोन. सरळ, नेमका. मी आयुष्यभर तसं सांगत आलोय. ते मुळात काय होतं?"

काका विचारात पडले. "काही लोक म्हणतात, नांगर. काही लोक दुसरंच म्हणतात. मला माहीत नाही."

"नांगर," फांग म्हणाले. त्यांनी तो शब्द थोडा वेळ तोंडात ठेवला. "माझे आजोबा शेतकरी होते." मग पुन्हा पूल बांधणाऱ्या आवाजात म्हणाले, "शोधून काढा. पुढच्या प्रदर्शनापर्यंत वेळ आहे." आणि दिवसभर लोकांना लिहून दाखवलेले तीसेक ओले, काळे ब्रश असलेली बादली काकांच्या हातात देऊन निघून गेले.

मला वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला हमाली दिली. पण वान आजी काकांकडे बघून मान डोलवत होत्या, आणि शेजारच्या बाईंनी मला समजावून सांगितलं की या क्लबात पाहुण्यांना ब्रश धुवू देत नाहीत. धुण्याचा मान मेंबरचा.

काका मागच्या बेसिनवर कोटाच्या बाह्या वर करून उभे होते. एकेक ब्रश नळाखाली धरायचे, बोटांनी केस उलगडायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचे नाहीत. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली होती. मी बादलीत हात घातला, म्हटलं, द्या काका, अर्धे मी धुते.

त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"तू मेंबर आहेस का?"